बंदरावर दहा मिनिटं

लग्नाकार्यात कुणी विचारलं, "तुम्ही नोकरीत नेमकं काय करायच्या हो?" की मी सांगते, "भिंतीवर डोकं आपटायचे. त्याचा पगार मिळायचा." लोक हसतात आणि जेवणाच्या रांगेकडे वळतात. पण मी थट्टा करत नसते. व्हिडिओ गेम बाजारात जाण्याआधी तो तपासायचा, हे माझं काम. गेममधल्या नायकाला घेऊन प्रत्येक खोलीतल्या प्रत्येक भिंतीवर, प्रत्येक कोपऱ्यात आपटून बघायचं, तो आरपार तर जात नाही ना. एका खोलीला चार भिंती आणि एका गेममध्ये खोल्या किती, ते विचारू नका. माझी आई अकोल्याहून पहिल्यांदा पुण्याला आली तेव्हा ऑफिस बघून गेली आणि जेवताना म्हणाली, "काय वं, दिवसभर गेम खेयाचे पैसे देतात तुले?" मी म्हटलं, "आई, खेळायचे नाही, मोडायचे देतात." ती वडिलांकडे वळून म्हणाली, "मंग बराबर जागी लागली पोरगी."

हे सगळं आत्ता आठवायचं कारण आमच्या बिबवेवाडीच्या सोसायटीचे सेक्रेटरी. वय पंचेचाळीस, बँकेत अधिकारी आणि गुपचूप गेम खेळणारे. परवा जिन्यात भेटले ते तणतणतच. नवा गेम घेतला, दुसऱ्याच दिवशी त्यातला नायक कमरेपर्यंत जमिनीत रुतला आणि काही केल्या निघेना.

"मॅडम, एवढे पैसे घेऊन असला माल विकतात. तुमच्या लोकांना दिसत नाही का हो?"

"दिसतं की."

"दिसतं? मग दुरुस्त का करत नाहीत?"

"आपली लिफ्ट दोन महिने बंद आहे, हे तुम्हाला दिसतं ना?" मी म्हटलं. "तसंच."

ते तिसऱ्या मजल्याकडे चढू लागले. पण त्यांचा प्रश्न वाजवी होता. दोष कुणाचा? या प्रश्नाचं उत्तर मला आयुष्यात एकदा कागदावर लिहून द्यावं लागलं होतं.

बाहेरच्यांची समजूत अशी, की बग म्हणजे कुणाच्याच लक्षात न आलेली चूक. तसं क्वचितच असतं. बहुतेक बग सापडलेले असतात. टेस्टर त्याची यादीत नोंद करतो: कुठे झालं, काय करताना झालं, किती वेळा झालं. मग त्याला श्रेणी मिळते. 'अ' म्हणजे गेम बंदच पडतो. 'ब' म्हणजे खेळता येतं, पण माणूस वैतागतो. 'क' म्हणजे झाडावरचं पान उलटं आहे. प्रोग्रामर वरून खाली दुरुस्त करत येतात, आणि 'ब'च्या मध्यावर कुठेतरी असताना प्रकाशनाची तारीख उजाडते. तारीख वर्षभर आधी ठरलेली असते, खोकी छापून झालेली असतात, नाताळच्या आत माल दुकानात पोचायचा असतो. मग एक बैठक बसते आणि उरलेल्या एकेका नोंदीपुढे 'असू दे' असा शेरा पडत जातो. नायक रुतला तरी चालेल, नाताळ काही पुढे ढकलता येत नाही.

पुढे गिऱ्हाईक ओरडलं की प्रोग्रामर म्हणतो, टेस्टरने वेळेवर सांगितलं नाही. टेस्टर म्हणतो, सांगितलं होतं, मॅनेजरने 'असू दे' म्हटलं. मॅनेजर गेम विकणाऱ्या प्रकाशकाकडे बोट दाखवतो, प्रकाशक तारखेकडे. ही साखळी खरी आहे, मी ती जवळून पाहिली आहे. पण तिचा एक तोटा असा, की दोष सगळ्यांचा आहे असं एकदा म्हटलं की जो तो आपापल्या घरी जेवायला मोकळा होतो.

आमचं ऑफिस वारज्याला, महामार्गालगत, टाइल्सच्या दुकानावर दुसऱ्या मजल्यावर. वारज्याला तेव्हा इमारती कमी आणि पाट्या जास्त होत्या. परदेशी कंपन्यांनी पुण्याला काम पाठवायला नुकती सुरुवात केली होती. गेम तिकडे बनायचा, सीडीवर इकडे यायचा आणि आम्ही तो मोडायचो. मी टेस्टर म्हणून लागले आणि सहा वर्षांत टेस्टिंगची प्रमुख झाले. हाताखाली वीसेक पोरं होती, कुणी परभणीचं, कुणी अमरावतीचं, कुणी थेट कात्रजच्या पलीकडच्या वाडीतलं. इंजिनिअरिंग केलेल्या मित्रांमध्ये यांना कुणी विचारत नसे. "गेम खेळतो" म्हणून लग्न मोडलेला एकजण होता. पण ही पोरं काय चिकाटीची होती, ते मला माहीत आहे.

कात्रजकडचा संतोष एकदा धावत आला. "मॅडम, घोडा वर गेलाय, खाली येईना बघा." खरंच, गेममधला घोडा उलटा होऊन ढगांत चरत होता. पण आमच्या धंद्यात एकदा पाहिलेलं धरत नाहीत. पुन्हा करून दाखवावं लागतं. संतोषने जेवण सोडून घोड्याला त्याच कुंपणावरून, त्याच वेगाने, वेगवेगळ्या कोनांतून उड्या मारायला लावल्या आणि सत्तराव्या की एकाहत्तराव्या उडीला घोडा पुन्हा स्वर्गात गेला. "जातंय मॅडम! डाव्या पायावर जातंय!" अख्खं ऑफिस उभं राहून टाळ्या वाजवत होतं. जगातल्या हजारो लोकांचा घोडा जमिनीवर राहिला तो या पोरामुळे, आणि त्यांना ते कधी कळणार नाही. आमचं काम चांगलं झालं तर ते दिसतच नाही. मला याचा अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही.

या पोरांच्यात आगाशे काका आले.

काका मुद्रितशोधक. चाळीस वर्षं शनिवार पेठेतल्या एका छापखान्यात मराठी आणि इंग्रजी प्रुफं तपासली. अक्षरजुळणी कॉम्प्युटरवर गेली, छापखाना मिटला, आणि साठी उलटलेले काका घरी बसले. आमच्याकडे एक मोठा समुद्री साहसाचा गेम आला होता. त्यात पत्रं, जुने दस्तऐवज, पाट्या असा इंग्रजी मजकूर खच्चून भरलेला. तो तपासायला अर्धवेळ माणूस हवा, अशी जाहिरात मी दिली होती. काका धोतर नाही, पण इस्त्रीची पँट आणि खिशाला तांबडी पेन्सिल लावून आले. मुलाखतीत मी विचारलं, "काका, गेम कधी खेळलात?"

"नाही. पुस्तकंही मी लिहिली नाहीत. चुका मात्र काढल्या."

मी त्यांना तिथल्या तिथे घेतलं.

काकांचा वेग बघून पोरं हैराण व्हायची. बाकीचे एका दिवसात बेटाला तीन फेऱ्या मारायचे, काका दुपारपर्यंत जेटीवरच असायचे. नायकाला एखाद्या पाटीसमोर उभं करायचं, चष्मा कपाळावर चढवायचा, पाटी वहीत उतरवून घ्यायची, मग तांबड्या पेन्सिलीने वहीत खुणा करायच्या आणि शेवटी एका बोटाने यादीत नोंद टाइप करायची. समोर शत्रूचं जहाज तोफा डागत असलं तरी काका पाटी संपवल्याशिवाय हलत नसत. नायक मेला तर म्हणायचे, "थांबा जरा, अजून दोन ओळी आहेत."

गेम जायला आठवडा उरला असताना काकांनी एक नोंद टाकली. बंदरावर बुडालेल्या खलाशांच्या नावांचा एक लांबलचक फलक होता. काकांनी लिहिलं होतं, की या फलकासमोर उभं राहून संपूर्ण मजकूर वहीत उतरवून घेतला, त्यानंतर समुद्र हलायचा थांबला, नायकही हलेना, आणि गेम पुन्हा सुरू केल्यावर तोवर साठवलेली सगळी प्रगती गेली. श्रेणी 'अ'.

आमचा एक नियम होता. 'अ' श्रेणीची नोंद दुसऱ्या टेस्टरने तीनदा करून बघायची. तिन्ही वेळा झालं नाही तर 'पुन्हा घडत नाही' असा शेरा मारून ती बंद करायची, आणि तो शेरा मारायचा अधिकार माझा. नियम वाईट नव्हता. तो नसता तर आम्ही भुताखेतांच्या मागे धावत राहिलो असतो. मी संतोषला बसवलं. तो फलकापाशी गेला, वर-खाली बघितलं, परत आला. तीनदा.

"काय बी होत नाय मॅडम."

मी शेरा मारला. त्या आठवड्यात यादीत शेकड्यांनी नोंदी उघड्या होत्या आणि एक बंद झाली की बरं वाटायचं. संध्याकाळी काका टेबलापाशी आले.

"मॅडम, आपण माझी नोंद बंद केलीत?"

"तीनदा बघितलं काका. होत नाही."

"किती वेळ उभं राहून?"

"अहो काका, गेममध्ये एका पाटीसमोर इतका वेळ कोण उभं राहणार?"

"मी राहिलो," काका म्हणाले. वही काखेत मारली आणि बससाठी निघून गेले.

मी उठून जाऊन त्या फलकासमोर दहा मिनिटं उभी राहू शकले असते. दहा मिनिटांचं काम होतं. मी राहिले नाही. याची रुखरुख मला अजून आहे.

गेम बाजारात गेला. पहिल्या आठवड्यातच तिकडे बोंब उठली. लोक गेम चालू ठेवून जेवायला जायचे, कुणी दार उघडायला, कुणी फोन घ्यायला, आणि परत येऊन बघतात तर समुद्र गोठलेला आणि तोवरची सगळी कमाई गेलेली. फलकाचा काही संबंध नव्हता. नायक बराच वेळ निवांत उभा राहिला की मधून मधून जांभई द्यायचा, अशी एक गंमत गेममध्ये होती. प्रत्येक जांभईला कॉम्प्युटर आपल्या मेमरीत जणू नवं भांडं काढायचा आणि घासून ठेवायला विसरायचा. ओटा भरला की स्वयंपाक बंद. आमची पोरं एका जागी उभी राहतच नसत, त्यामुळे इतक्या जांभया कुणी पाहिल्याच नव्हत्या. वीस जणांत जगातल्या साध्या माणसासारखा गेम खेळणारा एकच होता आणि त्याचं मी ऐकलं नव्हतं.

प्रकाशकाचं पत्र आलं. तिकडे मार्क नावाचे गृहस्थ आमचं काम बघायचे. पत्र सभ्य होतं आणि त्यात प्रश्न दोनच होते. हा दोष तुम्हाला सापडला होता का? नसेल, तर बंदराचा भाग कोणाकडे होता?

आमचा मॅनेजर समीर मला काचेच्या खोलीत घेऊन गेला. समीर वाईट माणूस नव्हता. वीस जणांचे पगार त्याच्या डोक्यावर होते आणि पुढच्या गेमचा करार त्याच महिन्यात व्हायचा होता.

"वंदना, सापडला नव्हता असं लिही."

"सापडला होता."

"अगं, समजून घे ना यार. न सापडणं ही मिस्टेक आहे. सापडून बंद करणं म्हणजे... आपण गेलोच. ती एक नोंद काढून टाक यादीतून. कोण बघतंय?"

"आणि बंदर कोणाकडे होतं, याचं उत्तर?"

"आगाशे काकांकडे होतं ना. ते तसेही पार्टटाइम आहेत. वय झालंय. म्हणू की चुकून राहिलं त्यांच्याकडून. त्यांना पुढच्या प्रोजेक्टला घ्यायचं नाही, एवढंच. कोणाचं काय जातं?"

मी खोलीबाहेर बघितलं. काका कुठल्याशा पाटीसमोर चष्मा कपाळावर चढवून बसले होते. ज्या माणसाने चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका पकडल्या, त्याच्या नावावर आम्ही न दिसलेली चूक लिहिणार होतो, तीही त्याने पकडलेली. मला समीरचा राग आला, पण खरा राग स्वतःचा आला, कारण क्षणभर मला ते सोयीचं वाटलं होतं. मला घर होतं, हप्ते होते, अकोल्याला आईवडील होते. आणि बाहेर बसलेल्या पोरांकडे बघून वाटलं, की माझ्या एका खरं बोलण्याने यांच्या नोकऱ्या गेल्या तर मी कुठल्या तोंडाने फिरणार?

जागेवर येऊन उत्तर लिहिलं. तीन वेळा लिहिलं, तीन वेळा खोडलं. शेवटी सगळी शोभेची वाक्यं काढून टाकली. उरलं ते एवढंच: दोष आम्हाला प्रकाशनाच्या आठवडाभर आधी सापडला होता. आगाशे यांनी तो अचूक नोंदवला. त्यांच्या सांगण्याप्रमाणे आम्ही तो नीट तपासला नाही. नोंद मी बंद केली. सोबत त्यांच्या मूळ नोंदीची प्रत जोडत आहे. खाली माझं नाव आणि हुद्दा लिहिला. समीरला आधी दाखवलं. तो दोनदा वाचून म्हणाला, "पाठव. मी अडवलं असं नंतर म्हणू नकोस." त्याने अडवलं नाही, हेही इथे लिहायला हवं.

दोन दिवस काही आलं नाही. ते दोन दिवस मी काकांच्या टेबलाजवळून जायचं टाळलं. तिसऱ्या दिवशी मार्कचा फोन आला. मी वहीत राजीनाम्याचा मसुदासुद्धा करून ठेवला होता. मार्क म्हणाले, "बंद केलेल्या नोंदींची यादी दर आठवड्याला आमच्याकडेही येत होती. आमच्या माणसाने ती वाचली आणि त्यानेही 'असू दे' म्हटलं. हे आम्ही तुमच्या पत्रानंतर शोधलं." मग विचारलं, "हे आगाशे तिथे किती वेळ उभे होते? मिनिटं सांगता येतील का?"

संतोषने काकांची वही मागून आणली. तिच्यात होतं. फलकासमोर उभं राहिल्याची वेळ आणि समुद्र थांबल्याची वेळ, दोन्ही तांबड्या पेन्सिलीने समासात. मुद्रितशोधक पान हातात घेतल्याची वेळ लिहितो, ही छापखान्यातली सवय. त्या मिनिटांवरून तिकडच्या प्रोग्रामरने जांभयांचा हिशोब लावला आणि दुरुस्ती चार दिवसांत तयार झाली.

सगळं गोड झालं असं नाही. पुढच्या गेमचं निम्मं काम त्यांनी दुसऱ्या शहरात दिलं. त्या वर्षी माझी बढती हुकली. कुणाची नोकरी गेली नाही, हे माझं नशीब. मी नियम मात्र बदलला: ज्याने दोष नोंदवला, त्याच्या शेजारी बसून, त्याच्याच पद्धतीने करून बघितल्याशिवाय नोंद बंद करायची नाही. पोरं कुरकुरली, वेळ जातो म्हणाली. वेळ जायचाच. पुढे मी जिथे जिथे काम केलं तिथे हा नियम नेला, आणि त्यामुळे थांबलेले दोष मोजत बसले तर तेवढ्यात सेक्रेटरींची लिफ्टसुद्धा सुरू होईल.

दुरुस्त गेम आला त्या दुपारी मी पत्रानंतर पहिल्यांदा काकांकडे गेले. खुर्ची ओढली. त्यांनी नायकाला बंदरावर नेलं, फलकासमोर उभं केलं आणि वही उघडली. मागे संतोष मनगटावरच्या घड्याळाकडे बघत उभा होता. पाच मिनिटं झाली. नायकाने जांभई दिली. आठ झाली. दहाव्या मिनिटाला मी खुर्चीत पुढे सरकले. अकरा, बारा, पंधरा. समुद्र हलत होता. काका शांतपणे खलाशांची नावं उतरवत होते, जणू ती पहिल्यांदाच वाचतायत.

मला राहवलं नाही. आठवडाभर जिवाला घोर लावून घेतला होता, निदान एक शब्द तरी ऐकावा असं वाटत होतं. मी म्हटलं, "काका, त्यांना काय लिहिलं ते तुम्हाला कळलंच असेल. तुमच्या नावावर काही येऊ दिलं नाही मी."

काकांनी पेन्सिल थांबवली नाही.

"माझ्या नावावर येण्यासारखं काय होतं? चूक तुमची होती, तुम्ही ती तुमच्या नावावर लिहिलीत. त्यात उपकार कसले?"

माझा चेहरा पडला असणार. संतोष हळूच मागे सरकला. मी खुर्ची सारून उठले.

काकांनी शेवटचं नाव लिहून पूर्ण केलं, चष्मा खाली घेतला आणि माझ्याकडे बघितलं.

"चाळीस वर्षं प्रुफं वाचली मी, मॅडम. मोठमोठे लेखक पाहिले. चूक दाखवली की छापखान्याची म्हणायचे. स्वतःची चूक स्वतःच्या हाताने लिहून खाली सही करणारा एकही भेटला नाही. बसा. दुसरा फलक वाचायचाय."

मी बसले.